माहेर उठून ओसाकाला गेलं

आमच्याकडं लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. सासर कितीही तालेवार असू द्या, ओटी भरली की लेक आईच्या घरी येते, आणि बाळ झालं की आई त्याला आपल्या पायावर घेऊन न्हाऊ घालते. हा हक्काचा मामला आहे. त्यामुळं आमच्या एकुलत्या एक लेकीनं ओसाकाहून फोनवर गोड बातमी सांगितली, तेव्हा माझा पहिला प्रश्न एकच होता, "मग कधी येऊन राहिलीस?"

ती हळूच म्हणाली, "आई, लातूरला पाणी कुठंय?"

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात नळ होते, पण ते नुसते भिंतीला शोभेचे. आम्ही परातीत उभं राहून अंघोळ करत होतो, परातीतल्या पाण्यानं फरशी पुसत होतो आणि फरशीचं पाणी संडासात टाकत होतो. पाहुणा आला तर पेला अर्धाच भरायचा, आणि पाहुण्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. अशा घरात ओली बाळंतीण आणायची कशी आणि लंगोट धुवायचे कशानं? मला एवढा राग आला की काय सांगू! पण राग काढायचा कुणावर, आभाळावर? आभाळ काही ऐकत नव्हतं, म्हणून मी तो आमच्या ह्यांच्यावर काढला.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "अगं, लेक माहेरी येत नसंल तर माहेर लेकीकडं जाईल. तूच जा की."

"आणि तुम्ही?"

"दोघंबी गेलो तर टँकरचं पाणी कोण भरंल?"

असं माझं जाणं ठरलं. लेकीनं मात्र एक अट घातली. "आई, ये. पण आजारी पडायचं नाही. इथल्या दवाखान्यात प्रसूतीच्या वॉर्डाच्या दारातच ताप मोजतात. ताप असला, खोकला असला, तर सख्खी आई असली तरी आत सोडत नाहीत. बाळाला हात लावणं तर लांबच."

"म्हणजे न्हाऊ घालणं?"

"विसरायचं."

मी हसले. जिल्हा परिषदेच्या शाळेत सारी हयात मास्तरकी केली, पण तापाची रजा म्हणून मला ठाऊक नाही. फिकीर कसली?

पण ते न्हाऊ घालणं माझ्यासाठी साधं नव्हतं, ते सांगते. ही लेक पोटात होती तेव्हा लातूर नुकताच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला होता. आमचे हे नव्या कचेरीत कारकून म्हणून लागले होते. नवा जिल्हा, नवी पाटी, नव्या खुर्च्या. पाणी मात्र जुनंच, म्हणजे नव्हतंच. म्हणून मी बाळंतपणाला माहेरी नांदेडला गेले. म्हणलं, तिथं आपली गोदावरी आहे. जाऊन बघते तर गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती! माझी आई लेकीला पायावर घ्यायची आणि एका तांब्यात सगळी अंघोळ उरकायची. साबण निघायच्या आधी पाणी संपायचं, मग उरलेला फेस ओल्या फडक्यानं पुसायचा. खाली परात असायचीच, त्यातलं पाणी दारातल्या लिंबाच्या झाडाला. मी बाजेवर पडून ते बघायची आणि माझं काळीज तुटायचं. तेव्हाच मनाशी म्हणलं होतं, माझ्या लेकीच्या लेकराला मी घंगाळ भरून न्हाऊ घालीन. चांगलं घळाघळा.

तर मी निघाले. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, ओवा, सुंठ, बाळंतशेपा. आणि पर्समध्ये एक कांदा. उन्हाळ्यात घराबाहेर पडताना जवळ कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ओसाकाच्या विमानतळावर एक कुत्रं आलं. लहानसं, गोजिरवाणं, अंगात गणवेश. सगळ्यांना सोडून ते माझ्या पर्सपाशी येऊन शहाण्यासारखं बसलं. मला वाटलं, लाडवाच्या वासानं आलं असेल. पण मागून साहेब आला, कमरेत वाकला, आणि माझा कांदा दोन्ही हातांत धरून घेऊन गेला. बाहेरून आलेला ताजा भाजीपाला तिथं चालत नाही म्हणे, त्यातून पिकांचे रोग येतात. कायदा चांगला आहे, माझी ना नाही. पण लातूरच्या बाईचा कांदा काढून घेतल्यावर तिनं उन्हात फिरायचं कसं?

जावई मुलगा गुणाचा, पण त्याला काळजी करण्याचं वेड. पहिल्याच दिवशी त्यानं माझा वर्ग घेतला. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभं राहायचं. रस्त्यावर गाडी नसली तरी हिरवा दिवा लागल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. फुटपाथवर मागून सायकल येते, तर मध्येच वळायचं नाही. खोकला आला की तोंडाला मास्क. भूकंप झाला तर बाहेर पळायचं नाही, टेबलाखाली बसायचं.

इथं मात्र मी अडले. "अहो, आम्ही किल्लारीच्या वेळची माणसं. त्या वर्षी अख्खं लातूर दाराबाहेर झोपत होतं. जमीन हलली की आमचे पाय आपोआप अंगणात जातात."

"आई, तिथं घरं दगडामातीची होती. इथली घरं हलतात, पण पडत नाहीत. बाहेर पळालात तर वरून काचा डोक्यात पडतील."

मग तालीम झाली. मी टेबलाखाली शिरले. लेकही शिरायला गेली, पण तिचं पोट काही आत येईना. ती अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार. जावई वरून म्हणतोय, "हे गंभीर आहे हो!" त्यावर आणखी हसू. शेवटी त्यानं माझ्या गळ्यात एक कार्ड अडकवलं. त्यावर जपानीत माझा पत्ता आणि त्याचा फोन नंबर.

"मी काय शेरडू आहे का, गळ्यात घंटी बांधायला?" मी म्हणाले. पण घातलं. पदराआड लपवून घातलं.

सगळे नियम पाळले, एक सोडून. तो होता पाणी प्यायचा. जावयानं मला एक छानशी बाटली आणून दिली होती. सकाळी तो ती भरून द्यायचा, संध्याकाळी मी ती भरलेलीच परत ठेवायचे. आता ह्याला कोण काय करणार? उभा जन्म लातूर-नांदेड एसटीत गेलेला. बाईमाणसानं बाहेर पडताना पाणी पिऊ नये, मध्येच लागली तर जाणार कुठं, हे आईनं शिकवलेलं. इथं तर पावलोपावली संडास, आणि ते इतके चकचकीत की पाय ठेवायला संकोच वाटावा. लेक म्हणायची, "आई, इथं कुठंही जाता येतं गं, पी की." मला पटायचं. घशाला पटत नव्हतं.

आणि दुसरं एक होतं. संध्याकाळी ह्यांचा फोन यायचा. "आज टँकर आला न्हाई." "आज दोनच घागरी मिळाल्या." ते ऐकून मी नळ सोडला की मला चोरी केल्यासारखं वाटायचं. पेला भरताना हात अर्ध्यावर आपोआप थांबायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती ही.

खालच्या मजल्यावर एक आजीबाई राहायच्या. एकट्याच, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, पण काटक. रोज सकाळी त्या बादली घेऊन यायच्या आणि दारातल्या कुंड्यांना पाणी घालायच्या. एकदा मी वाकून बघितलं, तर ते आदल्या दिवशीच्या अंघोळीचं पाणी! मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. ही तर आपल्याच गावची निघाली! मी हातवारे करून त्यांना परात दाखवली, फरशी पुसून दाखवली. त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्याही टाळी वाजवून हसल्या. तेव्हापासून आमची गट्टी जमली. त्यांचं जपानी, माझं लातुरी, काम काही अडत नव्हतं. त्या आभाळाकडं बोट दाखवायच्या, कपाळाचा घाम पुसायच्या, आणि भाजलेल्या जवाचा गार चहा पुढं करायच्या. मी मान राखायला एक घोट घ्यायची आणि ठेवून द्यायची.

टीव्हीवर रोज उन्हाच्या सूचना. लेक सांगायची, "आज छत्तीस आहे, दुपारी बाहेर पडू नको."

"छत्तीस? आमच्याकडं छत्तीसला लोक वऱ्हाडात नाचतात."

"आई, हे ऊन वेगळं आहे."

"ऊन ते ऊन. त्यात काय जपानी नि मराठवाडी?"

आता ह्याला लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, नाही तर काय म्हणायचं! शाळेत दर उन्हाळ्यात पोरांना मीच सांगत आले, पाणी प्या, उन्हात हिंडू नका.

लेकीला अजून दिवस बाकी होते, असं डॉक्टरांचं म्हणणं. मला आपली काळजी शेपूची. बाळंतिणीला शेपूची भाजी नको का? कुणीतरी सांगितलं, बाजाराच्या गल्लीत मिळते. लेक जेवून आडवी झाली होती. मी पर्समध्ये तिथलाच एक कांदा टाकला, डोक्यावरून पदर घेतला, बाटलीचं ओझं कुठं वाहायचं म्हणून ती ठेवली, आणि भर दुपारी निघाले.

शेपू मिळाली. काडेपेटीएवढ्या डबीत चार काड्या. मी दुकानदाराकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं. घेतली बापडी. येताना मात्र काहीतरी बिघडलं. आमच्या उन्हात घाम येतो आणि वाळतो. इथं घाम येत होता नि अंगावरच राहत होता, साडी पोटरीला चिकटत होती, डोकं भणभणत होतं. रस्त्यावर तांबडा दिवा. गाडी एक नाही, माणूसही एक हलत नाही. लातूरला असते तर कधीच पलीकडं पोचले असते. पण जावयाला शब्द दिला होता, म्हणून शहाण्यासारखी रखरखत्या उन्हात उभी राहिले. घराच्या दारापर्यंत कशीबशी आले आणि आजींच्या कुंड्यांशेजारी बसले. बसले म्हणजे काय, पाय गेलेच.

डोळे उघडले तेव्हा डोक्यावर आजींची छत्री होती, मानेवर ओला टॉवेल, आणि आजी माझ्या पदराआडचं कार्ड वाचून फोन लावत होत्या. जावई धावत आला. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलं. अंगात ताप भरला होता. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, उन्हानं तापल्या आहेत आणि अंग आतून कोरडं पडलंय. सलाईन लावलं. विश्रांती घ्या, पाणी प्या, ताप परत चढला तर लगेच या, असं जावयाला बजावून सांगितलं.

अंग कोरडं पडलंय! लातूरहून दुष्काळ आला होता माझ्याबरोबर, आणि त्याला विमानतळावरचं कुत्रंही हुंगू शकलं नव्हतं.

घरी आलो, आणि संध्याकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. जावई एक डोळा तिच्याकडं, एक माझ्याकडं. लेक दारात बॅग घेऊन उभी, आणि माझ्या हातात थर्मामीटर. ताप होता. मी थर्मामीटर पदरानं पुसला आणि परत लावला. पुसल्यानं काय ताप उतरतो का? पण त्या वेळी मला तेवढंच सुचलं.

"आई, तुला नाही गं येऊ देणार," लेक म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"जा तू. मी आलेच मागून," मी हसून म्हणाले.

दार लागलं आणि मी पोटभर रडले. समुद्र ओलांडून आले होते मी, आणि माझी लेक कळा देत असताना मी दोन गल्ल्या पलीकडं बिछान्यावर! एवढं परेशान मला कधीच वाटलं नव्हतं. स्वतःचा राग राग आला.

आजी जावयाच्या सांगण्यावरून वर आल्या होत्या. त्यांनी माझं रडणं होऊ दिलं. मग एक पेला हातात दिला, काठोकाठ भरलेला. मी अर्धा प्यायले आणि ठेवला. त्यांनी तो उचलून परत माझ्या हातात दिला. मी संपवला. त्यांनी भरला. मी अर्ध्यावर थांबले, त्यांनी भुवया उंचावल्या. चुकलेला पाढा मी पोरांकडून परत म्हणून घ्यायचे ना, अगदी तशा भुवया. मध्ये एक खारवलेलं आंबट फळ तोंडात घातलं, आमच्या लिंबाच्या लोणच्याच्या चवीचं, आणि पुन्हा पेला.

तेवढ्यात ह्यांचा फोन. जावयानं कळवलं होतं. पहिलं वाक्य, "लातूरची बाई तिथं जाऊन उन्हानं पडली, हे मी गावात कोणत्या तोंडानं सांगू?" मला हसू आलं आणि रडूही. मी म्हणाले, "अहो, तुम्ही तिथं दोन घागरींत दिवस काढताय, मला इथं पाणी घशाखाली उतरत नाही."

ते म्हणाले, "अगं येडी हायेस का तू? तिथलं पाणी तिथलं. तू पेला भरून प्यालीस म्हणून आमच्या टाकीतला एक थेंब कमी होणार हाय का? का तू तिथं वाचवलेलं इथं रेल्वेनं पाठवून राहिलीस?"

इतकी साधी गोष्ट! पण ती ह्यांनीच सांगावी लागली. टँकरच्या रांगेतल्या माणसानं पी म्हणाल्यावर मग घसा उघडला. आजी ओतत होत्या, मी पीत होते. कितीतरी महिन्यांनी पोटभर पाणी प्यायले असेन. पिता पिताच झोप लागली.

सकाळी अंग गार होतं. जावयाचा फोन आला, अजून कळा चालूच आहेत. मी लुगडं बदललं, आजींनी टॅक्सी बोलावली, आणि आम्ही दोघी दवाखान्यात. वॉर्डाच्या दाराशी नर्स उभी. जावई आतून सगळं सांगून आला होता, हा उन्हाचा ताप, रोग नाही, अशी त्या गल्लीतल्या डॉक्टरांची चिठ्ठीही दाखवली होती. नर्सनं यंत्र माझ्या कपाळाजवळ धरलं. तेवढ्या क्षणात मी महादेवाला किती नवस बोलले, ते त्यालाच ठाऊक. एवढं भ्या मला बोर्डाच्या निकालालाही वाटलं नव्हतं. यंत्र वाजलं, तिनं आकडा बघितला, मला दाखवला, कमरेत वाकली आणि दार उघडलं. आजींना आत जाता येणार नव्हतं. मी वळून बघितलं, तर त्या बाहेरून पाण्याची बाटली उंच धरून हलवत होत्या.

लेक घामाघूम झाली होती. मला बघून तिनं एवढंच विचारलं, "किती?"

"पास झाले," मी म्हणाले, आणि तिचा हात धरला. तिनं तो इतका आवळला की बोटं दुखून आली. दुखू दे म्हणलं. दुपार व्हायच्या आत मला नात झाली. नाक थेट आमच्या ह्यांचं. मी वॉर्डातच मोठ्यानं "अगाई गं!" म्हणाले, आणि त्या गप्प बसणाऱ्या नर्सही हसल्या.

घरी आणल्यावर अंघोळीचा दिवस उजाडला. घंगाळ नव्हतं, पण त्यांची न्हाणी तर आमच्यासाठीच बांधल्यासारखी. बसायला बुटकं स्टूल, पाणी वाहून जायला उतार, बाजूला ऊन पाण्यानं भरलेला मोठा टब. आजी टॉवेल घेऊन दारात बघायला उभ्या. मी पाय पसरले आणि सवयीनं पायाखाली एक पसरट भांडं सरकवलं. आजींनी मान डोलावली, त्यांच्या कुंड्यांची सोय झाली. लेक हळूहळू चालत आली. तिच्या एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पेला.

"आधी हे पी. मग देते."

मी पेला तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही. मग तिनं बाळ माझ्या पायावर ठेवलं. पहिला तांब्या ओतला, तशी नात टाहो फोडून रडली आणि मग एकदम गप्प होऊन डोळे मोठे करून बघायला लागली. एवढुसं अंग, एवढी ऊब. मला काय वाटलं ते मी काय सांगू? आनंद झाला, एवढंच सांगते, लई आनंद झाला. आणि तरी साबण लावल्यावर माझा हात थांबला. तांब्या टबाच्या काठावर तसाच धरून मी किती पाणी उरलंय ते बघत बसले.

लेकीनं ते बघितलं. म्हणाली, "आई, मला पण तूच असं न्हाऊ घातलंस?"

"न्हाई गं. तुला तुझ्या नांदेडच्या आजीनं. एका तांब्यात. साबण निघायच्या आधी पाणी संपायचं."

ती कशीबशी खाली वाकली, माझ्या हातातला तांब्या घेतला, टबात बुडवून काठोकाठ भरला आणि परत माझ्या हातात दिला.

"मग माझं राहिलेलं पण हिलाच घाल," ती म्हणाली.